बोटभर तेल

‘आमच्याकडे गाडी आहे’ असे मी पहिल्या वर्षी वर्गात सांगितले, तेव्हा मित्रांना मोटार वाटली होती. मीही ती समजूत बरेच दिवस दुरुस्त केली नाही. आमची गाडी म्हणजे टाटा ४०७. तीही सेकंडहँड. बाबांनी वीस-बावीस वर्षे दुसऱ्यांच्या ट्रकवर ड्रायव्हरकी केली आणि मग कर्ज काढून ही घेतली. लोहा तालुक्यातल्या आमच्या गावाहून सोयाबीन, हरभरा, तूर लातूरच्या मोंढ्यात न्यायची आणि येताना पेंड, सिमेंट, पत्रे, जे मिळेल ते आणायचे. घर तिच्यावर चालते, बँकेचा हप्ता तिच्यावर चालतो आणि माझे बी.ए.देखील तिच्यावरच चालते. माझ्याआधी आमच्या घरातले कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. दादा आय.टी.आय. करून चाकणला एका कंपनीत लागला, तो तिकडचाच झाला.

२०२४ सालच्या नोव्हेंबरात, विधानसभेचे मतदान होऊन आठवडा झाला असेल, ही गाडी माळाकोळीच्या अलीकडे आजारी पडली. रात्री अकराच्या सुमारास ती दारात आली ती कण्हतच. जात्यात खडा सापडावा तसा आवाज. तिसरा गिअर टाकला की दांडा आपोआप न्यूट्रलला येऊन पडत होता. बाबांनी एका हाताने स्टेअरिंग आणि डाव्या हाताने दांडा दाबून धरत तिला घरापर्यंत आणले होते. उतरले तेव्हा त्यांचा डावा हात थरथरत होता.

त्यांनी रात्रीच परीक्षा घेतली. इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, क्लचवरून पाय काढलेला : खरखर. क्लच दाबला : आवाज बंद. सोडला : पुन्हा खरखर. वाटेत टॉपमध्ये आवाज कमी होत होता, असेही ते म्हणाले. बाबा सातवी शिकलेले आहेत. पण त्यांचा तर्क आपल्या तर्कशास्त्राच्या पुस्तकापेक्षा सरळ होता. क्लच दाबला की इंजिनाचे फिरणे गिअरबॉक्सपर्यंत पोचत नाही. तेवढ्याने आवाज मरतो, म्हणजे दुखणे गिअरबॉक्सच्या पोटात. टॉप हा सरळ गिअर. त्यात जोर वरच्या शाफ्टमधून सरळ मागे जातो, खालच्या काउंटर शाफ्टवर भार येत नाही. तिथे आवाज कमी, म्हणजे काउंटरचे बेअरिंग. “बेरिंग गेलं,” ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

वेळ वाईट होती. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यात भाव त्याच्या खालीच. ज्यांना जमले त्यांनी माल घरातच थप्पी लावून ठेवला. माल घरात तर भाडे कुठले? दोन हप्ते आधीच थकले होते. आशा होती ती डिसेंबरच्या शेवटी भरणाऱ्या माळेगावच्या जत्रेची. खंडोबाच्या त्या जत्रेत दुकानांचे, पाळण्यांचे, तंबूंचे सामान हलवायला छोटी गाडी लागते. दरवर्षी त्या आठवड्यात बाबांना दम खायला फुरसत नसते.

दुसऱ्या दिवशी बाबा लातूरला जाऊन चौकशी करून आले. एका गॅरेजवाल्याने पूर्ण काम ३२,००० सांगितले, वर ‘हाऊसिंग खराब निघाली तर वेगळे’. भंगारवाल्याकडे एक ‘चालू’ गिअरबॉक्स २४,००० ला होता; तो खरोखर चालू आहे की नाही हे गाडीला लावल्यावरच कळणार. आणि सुटे भाग आणून घरीच बसवायचे तर बेअरिंगचा सेट, ऑईल सील, पितळी रिंगा मिळून ११,००० च्या आसपास.

त्या रात्री जेवणानंतर आमची बैठक बसली. दादा फोनवर होता. तो म्हणाला, “बाबा, आमच्या इथं एकेका बोल्टला किती आवळायचं ते ठरलेलं असतं, मशीन आवळते. तुम्ही पान्याला पाईप लावून आवळणार. नको तो उद्योग. मी दहा हजार पाठवतो.”

बाबा म्हणाले, “आरं, किल्लारीच्या वक्ताला आमच्या उस्तादानं अख्खा गेरबॉक्स रोडवर खोलला होता.”

ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकलेली. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप झाल्यावर बाबा सोळा वर्षांचे क्लीनर होते. पत्रे भरून निघालेला ट्रक औशाजवळ बसला आणि उस्तादाने रातोरात, रस्त्याच्या कडेला, गिअरबॉक्स उतरवून जोडला. पण त्या गोष्टीत बाबा काय करत होते? ते बॅटरी धरून उभे होते. पुढेही त्यांनी क्लच प्लेटा बदलल्या, ब्रेक केले, पाटे चढवले. गिअरबॉक्स मात्र कधी उघडला नाही. आणि आता चाळिशी उलटून त्यांना जवळचे दिसत नाही. पानावरचा नंबरही ते हात लांब करून वाचतात.

आई म्हणाली, “खोललं आन् बसवता नाई आलं, तर पोत्यात भरून गॅरेजला न्यायचं का? मग तो बत्तीसचे चाळीस म्हनंल. आन् ह्याच्या परीक्षेचं काय?”

कुणाच्या बोलण्यापेक्षा आईचा प्रश्न अवघड होता. पण त्याला उत्तर न देता मीच सगळ्यांत मोठ्याने म्हणालो, “आपणच करू. मी आहे ना बाबांच्या हाताखाली.”

बाबा चमकून माझ्याकडे बघू लागले. कारण गाडीच्या खाली जाणे मी बारावीपासून सोडले होते. माझ्या त्या उत्साहाचे कारण मी त्या रात्री कुणाला सांगितले नाही. ते असे : दिवाळीच्या सुट्टीत, पाडव्याच्या सकाळी, बाबांनी मला गिअरबॉक्सचे तेल बघायला सांगितले होते. गिअरबॉक्सच्या कुशीला लेव्हलचे बूच असते. ते काढून आत बोट घालायचे. तेल भोकाच्या काठाला लागले तर ठीक. पाच मिनिटांचे काम. पण माझ्या अंगावर नवी पँट होती, मित्र यायचे होते आणि खाली झोपायला पोते शोधावे लागले असते. मी नुसता गाडीला वळसा घालून आलो आणि म्हणालो, “आहे तेल.”

तेव्हा ‘आपणच करू’ हे मी पैशांचा हिशेब करून म्हणालो नव्हतो. मला माझ्या हाताला काळे लावून घ्यायचे होते. एवढ्या मोठ्या खर्चाचा निर्णय घ्यायला हे कारण अगदी वाईट, हे आज कळते.

मी नांदेडला खोलीवर परत आलो आणि तास संपल्यावर चाचांच्या गॅरेजवर गेलो. चाचा हे बाबांचे जुने दोस्त. इथल्या कितीतरी ड्रायव्हरांचा त्यांच्यावर डॉक्टरइतका विश्वास. त्यांच्याकडे बारा दिवस जागा नव्हती. जागा होती त्यात एका कंत्राटदाराची पिकअप उभी, बॉनेट बंद, धूळ खात.

“ये नई होती हमसे,” चाचा म्हणाले. “आटोमेटिक है. पुने भेजना बोला मैं.”

मला आश्चर्य वाटले. चाचांना न जमणारी गाडी मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांनी मला बाजेवर बसवून समजावले. ऑटोमॅटिकमध्ये आपल्यासारखी एकच क्लच प्लेट नसते. इंजिनाचा जोर आधी तेलातून पुढे जातो. पंख्यासारख्या एका चाकाने तेल ढकलायचे आणि समोरच्या चाकाने त्या तेलाच्या लोटाने फिरायचे. पुढे गिअर बदलायला माणसाचा हात नाही. तेलाचा दाब बारीक बारीक वाटांनी जाऊन आतल्या पातळ क्लचांच्या चळती आवळतो आणि सोडतो. त्या वाटेत धुळीचा कण अडकला तरी गाडी ढिम्म. (अमेरिकेत जनरल मोटर्सने १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबाईल गाड्यांना ‘हायड्रामॅटिक’ नावाचा असा गिअरबॉक्स दिला होता, हे मी नंतर वाचले. म्हणजे गोष्ट काही नवी नाही. आपल्या रस्त्यावर मात्र ती आत्ता कुठे येते आहे.)

“तेरे बाप का गेरबॉक्स आँख से दिखता,” चाचा म्हणाले. “दाँत टूटा तो टूटा दिखता. बेरिंग घिसा तो उंगली को लगता. ये आँख से नई दिखता. जो चीज दिखती नई, उसको घर में कायकू खोलना?”

मग त्यांनी आम्हाला वाट घालून दिली. सगळा निर्णय एकदम घेऊ नका. आधी फक्त तेल काढा, पांढऱ्या ताटात. तेलात बारीक राखाडी चकाकी असतेच, तिला घाबरायचे नाही. पितळेची पूड दिसली तर रिंगा झिजल्या. पोलादाचा कपचा निघाला तर बेअरिंग नाहीतर दात गेला. मग बॉक्स उतरवा, वरचे झाकण काढा आणि बघा. तिथपर्यंत काही बिघडत नाही. तिथून परत फिरता येते. शाफ्टवरून बेअरिंग काढायचे-घालायचे मात्र घरी हातोड्याने करू नका. “शाफ्ट लेके आओ. प्रेस मैं मार देता.”

मी वहीत लिहून घेतले. चाचा हसले, “हौ, लिख. कागज काम आता.”

रविवारी सकाळी दारातल्या लिंबाखाली आम्ही सुरुवात केली. चाकांना दगड लावले, बॅटरीची वायर काढली. मी पोते अंथरून खाली गेलो. खालचे बूच सैल केले आणि ताट धरले. भरलेल्या गिअरबॉक्समधून बदाबदा तेल यायला हवे. आमच्या ताटात जेमतेम तांब्याभर आले आणि मग थेंब. काळेकुट्ट, जळका वास येणारे. ताट उन्हात तिरपे केले तर तळाला पितळेची पूड सोन्यासारखी चमकत होती आणि मधोमध नखाएवढा एक पोलादी कपचा.

बाबा ताटाकडे बघत होते. मी खालूनच बोललो. तोंड दिसत नव्हते म्हणून जमले असेल. “बाबा, पाडव्याला मी तेल बघितलं नव्हतं. नुसतं आहे म्हणालो.”

बराच वेळ फक्त त्यांचे पाय दिसत होते. मग ते वाकले. रागावले नाहीत, सावकाश बोलले. “सील मागूनच फुटलेलं दिसतंय. ते तुझ्यामुळं नाही. पण बघितलं असतास तर बेरिंग वाचलं असतं.”

एवढेच. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. गिअरबॉक्समध्ये तेलाला पंप नसतो. खालच्या काउंटर शाफ्टचे दाते तेलात बुडतात आणि फिरताना ते वर उडवतात, त्यावर वरचा मजला जगतो. तेल खाली गेले की वरच्याला घोट मिळत नाही, आणि शेवटी खालचाही कोरडा पडतो. सीलमधून तेल थेंबथेंब जात राहिले असणार. मी बोट घातले असते तर ते कळले असते.

पुढचे काम सांगत बसत नाही. ज्याने केले त्याला माहीत आहे, ज्याने केले नाही त्याला कंटाळा येईल. प्रोपेलर शाफ्टच्या जोडावर आधी छिन्नीने खूण केली, म्हणजे बसवताना तो जसाच्या तसा बसेल. शेजारच्या दोघांना बोलावून, जॅकवर फळी ठेवून बॉक्स सरळ मागे ओढला. तो तिरका होऊन क्लच प्लेटवर लोंबकळला असता तर प्लेटही गेली असती. पडवीत वर्तमानपत्रे पसरली. बाबा एकेक भाग काढत, मी तो ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने कागदावर मांडून आकडा घालत होतो. राज्यशास्त्राच्या वहीची मागची नऊ पाने त्यात भरली. कुठली रिंग कोणत्या बाजूने, लॉकचे तोंड कुठे, सगळे चित्रासह. बाबांना बारीक लॉक दिसत नव्हते. ते बोटाने चाचपून सांगत आणि मी चिमट्याने काढी. त्यांचे हात आणि माझे डोळे मिळून एक मिस्त्री झाला होता.

तिसऱ्या गिअरची पितळी रिंग मी निरखून पाहिली. दोन चाके वेगवेगळ्या गतीने फिरत असतात. दाते गुंतण्याआधी ही रिंग शंकूवर घासून दोघांची गती एक करते. अमेरिकेतल्या कॅडिलॅक मोटारीत १९२८ साली ही युक्ती प्रथम आली म्हणतात. बाबा ज्या जुन्या ट्रकांवर शिकले त्यांत ती नव्हती. तिथे प्रत्येक गिअरला दोनदा क्लच मारून ड्रायव्हरलाच गती जुळवावी लागे. चाचा अजून त्या गाड्यांना ‘टाटा-बेन्झ’च म्हणतात. टेल्को आणि जर्मनीच्या डेमलर-बेन्झचा करार १९५४ साली झाला आणि १९६९ ला संपला, ४०७ तर १९८६ ला आली आणि टेल्कोचे नावही २००३ पासून टाटा मोटर्स झाले. पण गॅरेजातले बारसे कंपनीला विचारून होत नाही.

काउंटरच्या मागच्या बेअरिंगची जाळी तुटली होती. तो कपचा तिचाच. बाबांचे निदान बरोबर निघाले आणि त्यांचा चेहरा असा खुलला की जणू गाडी सुरूच झाली. मग त्यांनी नवे बेअरिंग हाऊसिंगच्या घरात ठेवून पाहिले. ते हाताने फिरले.

आम्ही दोघेही गप्प झालो. बेअरिंगची बाहेरची कडी आपल्या घरात घट्ट बसायला हवी. जुने बेअरिंग अडकून त्या घरात फिरले होते आणि बिडाचे ते भोक झिजून मोठे झाले होते. नवे बेअरिंग घातले तरी ते हलणार, शाफ्ट तिरका होणार, दाते पुन्हा खाणार.

“पंच मारू,” बाबा म्हणाले. म्हणजे भोकाच्या आत पंचाने चारी बाजूंनी टोचे मारायचे. बीड उचलते आणि बेअरिंग घट्ट वाटते. “हंगामभर चालंल. जत्रा निघंल.”

जत्रेला अठरा दिवस होते. मी नको म्हणालो. बाबांना नको म्हणायची ही माझी पहिलीच वेळ असेल. मी म्हणालो, “बाबा, जत्रेच्या मालावर माणसं बसतात. उताराला गिअर निसटला तर?” ते चिडले. “चार पुस्तकं वाचलास म्हनून मला गाडी शिकवतूस का?” आणि उठून बाहेर गेले.

खरे तर मी पुस्तकातले काही बोलत नव्हतो. बाबांचा थरथरणारा डावा हात मला दिसत होता. एवढे मात्र मान्य करतो की पाडव्याला खोटे बोललेल्या मुलाने असे ठामपणे बोलावे हे मलाही विचित्र वाटत होते.

संध्याकाळी त्यांनीच चाचांना फोन लावला. पलीकडून काय उत्तर आले ते मी ऐकले नाही. फोन ठेवून ते आईला म्हणाले, “उद्या लातूर. बुश मारून आणतो.”

लातूरच्या लेथवाल्याने भोक मोठे करून त्यात पोलादी बुश ठोकला आणि तो नेमक्या मापाला कातला. ४,५०० रुपये आणि सहा दिवस. दादाचे दहा हजार आले होते, ते सुट्या भागांत गेले. लेथचे पैसे माझ्या खोलीच्या भाड्यातून गेले. ते दोन महिने मी गावाहून एस.टी.ने ये-जा केली. शाफ्टवरची बेअरिंगे चाचांनी प्रेसवर चढवली आणि हातात पैसे न घेता म्हणाले, “पहले चला के देख.” याच गडबडीत इतिहासाची अंतर्गत चाचणी बुडाली. सरांनी कारण विचारले तेव्हा मी ‘ताप होता’ म्हणालो. सर, तोही ताप नव्हता. हा लेख आपण वाचालच, म्हणून इथेच सांगून टाकतो.

जोडणी माझ्या नऊ पानांवरून झाली. उलट क्रमाने, नवव्या पानावरून पहिल्याकडे. दोनदा चुकलो, दोन्ही वेळा बाबांच्या बोटांना ते आधी कळले. बॉक्स चढला, नव्वद नंबरचे नवे तेल घातले, काठाला लागेपर्यंत. बाबांनी गाडी सोनखेडपर्यंत नेऊन आणली. खरखर गेली. तिसरा गिअर बसून राहिला. रिव्हर्स मात्र थंड असताना कुरकुरतो, तो आजही.

सगळा खर्च १९,७०० झाला. भंगारातल्या गिअरबॉक्सपेक्षा फार कमी नाही. आणि इतके दिवस गाडी दारात उभी राहिली, ते भाडे कुठे धरायचे हे अर्थशास्त्राच्या सरांना विचारायचे आहे. आई म्हणते धरायलाच पाहिजे. बाबा म्हणतात धरू नये. जत्रा गाठली, पण पहिले दोन दिवस हुकले.

माळेगावला निघायच्या पहाटे मी न सांगता पोते घेऊन खाली गेलो आणि बूच काढून बोट घातले. बाबा केबिनमध्ये बसून वाट बघत होते. त्यांनी विचारले नाही आणि मीही काही बोललो नाही. फक्त बोट पुसायला चिंधी मागितली.

एक गोष्ट राहिलीच. जोडणी संपल्यावर वर्तमानपत्रावर एक छोटे वॉशर उरले. माझ्या नऊ पानांत त्याला आकडा नाही. चाचांनी ते बोटावर फिरवून पाहिले आणि म्हणाले की ते गिअरबॉक्सचे नव्हेच, कुठून तरी आले असेल. बाबांनाही तसेच वाटते. ते माझ्या कंपासपेटीत आहे. गाडी लातूरच्या रस्त्याला असते तेव्हा तासाला बसल्याबसल्या मी पेटी उघडतो आणि ते अजून तिथेच आहे ना, ते बघतो.